एकच लेन्स

"डोळे मिटा वहिनी, आणि हात पुढं करा," इक्बालभाई म्हणाले.

शालननं डावा हात पुढं केला.

"तो नव्हे. ऑपरेशनचा."

"तो कशाला?"

"कॅमेरा उजव्या हातानंच धरणार ना? मग वजन त्यालाच विचारायला पाहिजे."

शालननं उजवा हात काउंटरवर ठेवला. एप्रिल संपत आला होता, दुकानात पंखा गरम वारा फेकत होता, तरी त्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत घट्ट लवचिक बाही चढवलेली होती. इक्बालभाईंनी तिच्या तळहातावर एक लेन्स ठेवली, हात काउंटरवरून उचलायला लावला आणि मग तिच्याकडं लक्षच नसल्यासारखे माझ्याशी बोलायला लागले.

"फोरमनसाहेब, एसटीचं वर्कशॉप काय म्हणतंय?"

"रिटायर झालो मी. मागच्या वर्षी."

"तरीच. हल्ली गाड्या बऱ्या चालतात."

शालन डोळे मिटूनच हसली. तिचा हात मात्र हलायला लागला होता. आधी करंगळी, मग मनगट.

"काढा," ती म्हणाली. इक्बालभाईंनी लेन्स उचलून मागच्या कपाटात ठेवली आणि दुसरी तिच्या तळहातावर ठेवली.

कोल्हापुरात कॅमेऱ्याची दुकानं बरीच, पण शालन वीस वर्षं फक्त इक्बालभाई बारगीरांकडं जायची. ती मुलींच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायची आणि सुट्टीत डोंगरांचे फोटो काढायची. माणसांचे नाही, लग्नाचे नाही. फक्त डोंगर. तिच्या बॅगेत तीन मोठ्या झूम लेन्स असायच्या. बॅग भरलेल्या घागरीएवढी जड व्हायची आणि ती माझ्या पाठीवर असायची. कुठल्याही गडावर गेलो तरी ती पुढं आणि मी दोन पावलं मागं. मला फोटोतलं काही कळत नाही. माझं काम वेगळं होतं.

आदल्या वर्षी तिच्या छातीचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. तेव्हापासून उजवा हात सुजायला लागला, म्हणून ती घट्ट बाही. डॉक्टरांनी सांगितलं, या हातानं जन्मभर जड काही उचलायचं नाही. ऑपरेशनची जखम भरली, केस परत आले, ती शाळेत जायला लागली. पण कॅमेरा कपाटातून काढला नाही. मग एक दिवस तिच्याच शाळेतली पी.टी.ची बाई, पमा कुरणे, घरी आली. ती म्हणाली, मेच्या शेवटी आम्ही सात-आठ जणी स्पितीला चाललोय, हिमाचलात, तू येतेस का? फक्त बायकांची सहल होती. शालननं त्या रात्रीच जुना कॅमेरा बाजूला काढला आणि नवीन हलका मागवला. लेन्सचं तेवढं राहिलं होतं.

"वहिनी, ही बघा," इक्बालभाईंनी एक चकचकीत लेन्स पुढं केली. "प्राइमच आहे, झूम नाही, पण अंधारातसुद्धा चालेल. मोठं तोंड आहे."

शालननं ती हातात न घेताच नुसती बघितली. "मोठं तोंड म्हणजे मोठी काच, आणि मोठी काच म्हणजे वजन. मी डोंगराचा फोटो काढते इक्बालभाई. दगडावर कॅमेरा टेकवायचा आणि निवांत काढायचा. डोंगर काय पळून जातोय?"

"हे बाकी बरोबर बोललात."

"छोट्या तोंडाच्या काढा. प्लास्टिकच्या असल्या तरी चालतील."

शेवटी काउंटरवर तीन लेन्स राहिल्या. चोवीसची, पस्तीसची आणि पंच्याऐंशीची. आकडा लहान तेवढं जास्त मावतं आणि आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं, एवढं मला वीस वर्षांत कळलं होतं. तिन्ही एकत्र धरल्या तरी जुन्या एका झूमएवढं वजन नव्हतं.

"तिन्ही घे की," मी म्हणालो. "बॅगेत एवढीशी जागा लागेल. मी..."

"तुम्ही काय?"

मी उचलतो असं म्हणणार होतो.

"तुम्ही येताय कुठं?" शालन म्हणाली. रागानं नाही. मग ती इक्बालभाईंकडं वळली. "तीन नाही न्यायच्या. एक, फार तर दोन. पण आधी हाताचं बघायला पाहिजे. आज या घेऊन मी मसाई पठारावर जाते. एकटीनं तासभर काम करते. हात सुजला नाही तर पमाला येते म्हणून सांगते. सुजला तर या परत तुमच्या काउंटरवर, आणि सहलीतून माझं नाव बाद. कॅमेराही कुणाला तरी देऊन टाकीन. कपाटात ठेवून बघत बसायचं नाही मला."

"एवढं टोकाला कशाला जाताय वहिनी?"

"टोकाला नाही. एकदाच काय ते ठरू दे."

"आणि सुजला की नाही ते ठरवणार कोण?" मी विचारलं.

"मीच. हात माझा आहे."

इक्बालभाईंची अशीच पद्धत होती. जुन्या गिऱ्हाइकाला लेन्स दिवसभर फिरवायला द्यायची, संध्याकाळी शटर पडायच्या आत परत आणायची. त्यांनी तिन्ही लेन्स फडक्यात गुंडाळल्या आणि सवयीनं माझ्यासमोर धरल्या. शालननं मध्येच हात घालून त्या घेतल्या.

गाडीत बॅग तिच्या मांडीवर होती. जुन्या बॅगेच्या निम्मीसुद्धा नव्हती. पन्हाळा ओलांडला, गाडी जाते तिथवर नेली आणि पुढचा चढ पायी चढायचा होता. मी उतरलो, सवयीनं मागचं दार उघडलं आणि आत हात घातला. सीट मोकळी होती. बॅग तिनं खांद्याला अडकवली होती, डाव्या.

"वर जाईपर्यंत तरी दे."

"स्पितीत वर जाईपर्यंत कोण असणार आहे?"

"पमाताई आहेत की. पहिलवान आहेत त्या."

"पमा स्वतःची बॅग उचलेल. चला."

ती पुढं आणि मी मागं, तसंच चढलो. पण माझी पाठ मोकळी होती आणि हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. खिशात घातले, बाहेर काढले. एक काठी उचलली, टाकून दिली.

मसाई पठार पावसाळ्यानंतर हिरवं असतं, तेव्हा सगळे जातात. एप्रिलमध्ये तिथं वाळलेलं गवत, काळा दगड आणि वारा. एक गुराखी लांबवर म्हशी घेऊन चालला होता, बाकी कुणी नव्हतं. शालनला असलंच आवडायचं. ती म्हणायची, डोंगर उघडा असला की त्याचा आकार कळतो.

आमची काम करायची एक रीत होती. ती डोळ्याला कॅमेरा लावलेला तसाच ठेवून म्हणायची, "लांबची." मी मागून लेन्स काढायचो, झाकण फिरवून सैल करायचो. वारा असला तर वाऱ्याकडं पाठ करून जाकीट दोन्ही बाजूंनी उघडं धरायचो. त्या आडोशात ती लेन्स बदलायची, म्हणजे धूळ कॅमेऱ्यात जात नाही. काढलेली माझ्या हातात, नवी तिच्या हातात. बोलायला लागायचं नाही. एसटीतली पोरं पान्याला हात पुढं करायची ना, तसं.

तिनं आधी चोवीसची लावली आणि दोन-तीन फोटो काढले. पडद्यावर बघून नाक मुरडलं.

"काय झालं?"

"सगळं आलंय आणि काहीच आलं नाही. समोरचा डोंगर बघा, मुंगीचं वारूळ झालंय." मग तिनं बॅगेत हात घातला. "आता बदलून बघते. तुम्ही लांब उभे राहा."

"वारा आहे."

"स्पितीत काय कुणी पंखा बंद करणार आहे?"

ती वाऱ्याकडं पाठ करून खाली बसली. कॅमेरा दोन गुडघ्यांत धरला, ओढणी वरून घेतली. डाव्या हातानं बटण दाबायचं आणि उजव्या हातानं लेन्स फिरवायची. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. एकदा घसरली, दोनदा घसरली. तिसऱ्यांदा लेन्स सुटली आणि ओढणीतून गवतावर पडली.

मी धावलो.

"थांबा तिथंच!"

हा तिचा वर्गातला आवाज होता. मी थांबलो. तिनं लेन्स उचलली, फुंकली, ओढणीनं पुसली, उन्हात धरून बघितली. मग कॅमेऱ्याचं उघडं तोंड खाली धरून बराच वेळ तशीच बसली. मी चार पावलांवर उभा. जाकीट उघडं धरलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

"एकच न्यायची," ती शेवटी म्हणाली. "इथनं लावून न्यायची ती घरी आल्यावर काढायची. बदलाबदलीच नको."

"एकाच लेन्सवर सगळी स्पिती?"

"चालताना डोळ्याला जेवढं दिसतं तेवढं आलं तरी पुष्कळ झालं." तिनं पस्तीसची बसवली. या खेपेला जमलं, पण वेळ लागला. बाकीच्या दोन लेन्स बॅगेत घालून तिनं बॅग माझ्यापुढं धरली. "ही घेऊन इथं बसा. मी कड्यापर्यंत जाऊन येते."

"एकटी?"

"तेच तर बघायचंय."

ती गेली. पठार सपाट दिसतं पण सपाट नाही. मध्ये एक उंचवटा आहे, त्याच्यामागं ती दिसेनाशी झाली.

मी बसलो. उठलो. बॅगेची चेन उघडून दोन्ही लेन्सची झाकणं घट्ट केली, ती घट्टच होती. बुटाच्या नाड्या सोडून परत बांधल्या. गुराख्याला हाक मारली, त्यानं नुसता हात हलवला. शालन जाऊन आता बरीच वर्षं झाली. संध्याकाळी मी घरात असाच फिरतो. गॅस बघतो, नळ बघतो, गाडीचं बॉनेट उघडून बंद करतो. शेजारचे म्हणतात, काका, बसा की जरा. आपल्याला बसवत नाही, हे मला पहिल्यांदा त्या पठारावर कळलं. तेव्हा तर ती शंभर-दोनशे पावलांवर होती.

ऊन कलायला लागलं तरी ती आली नाही. कडा जवळ होता, म्हणून मी उंचवट्यापर्यंत गेलो. हाक मारणार होतो.

ती खाली गवतावर उताणी पडली होती. बाही काढलेली होती. उजवा हात सरळ वर, आकाशाकडं धरला होता आणि डाव्या हातानं ती तो मनगटापासून खांद्याकडं चोळत होती. हळूहळू, परत परत. मी तिचा तो हात ऑपरेशननंतर पहिल्यांदा उघडा बघितला. घरी हे ती दार लावून करायची आणि मी विचारलं की म्हणायची, काही नाही, व्यायाम करत होते. हात दुसऱ्या हाताच्या दीडपट झाला होता. बाहीच्या शिवणीचे लाल वळ त्यात रुतले होते.

म्हणजे हात सुजला होता. तिनंच ठरवल्याप्रमाणे सहल बाद झाली होती. मला नुसतं पुढं जाऊन "शालन, चल घरी" म्हणायचं होतं. ती काही बोलली नसती.

मी खाली वाकलो. का वाकलो माहीत नाही.

थोड्या वेळानं ती उठून बसली. बाहीचं टोक दातात धरून तिनं ती हातावर ओढली. तोंड लाल झालं तिचं. उभी राहिली, कॅमेरा डोळ्याला लावला, हात थरथरला, खाली घेतला. परत लावला, परत खाली. मग एक गुडघा जमिनीवर टेकला, दुसऱ्या गुडघ्यावर कोपर ठेवलं आणि कॅमेरा त्या हातावर बसवला. आता तो हलत नव्हता. ती बराच वेळ काहीच करत नव्हती, दरीकडं बघत होती. मग एकदा बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. आणि माझी बायको, जिला वर्षभरात मी हॉस्पिटलच्या कॉटवर, घरच्या खुर्चीवर आणि खिडकीत बघितलं होतं, ती एकटीच मोठ्यानं म्हणाली, "आला!"

मी वळलो आणि तिनं बसा म्हणून सांगितलं होतं तिथंच येऊन बसलो.

ती आली तेव्हा उजवा हात ओढणीखाली होता.

"झालं?"

"झालं."

"जमलं?"

"एक जमला."

"बघू?"

"घरी बघू. इक्बालभाई शटर पाडतील."

उतरताना मी बॅग घ्यायला मागितली नाही. तिनंही ती माझ्याच खांद्यावर राहू दिली. पन्हाळ्याच्या घाटात ती एकदाच म्हणाली, "गाडी हळू चालवा, कुणी मागं लागलंय का?" मी वेग कमी केला.

दुकानात दिवे लागले होते. इक्बालभाई बाहेर स्टुलावर चहा घेत होते.

"या! सांगा, कुठली राहिली?"

शालननं लेन्स काउंटरवर मांडल्या. "पंच्याऐंशीची लावलीच नाही. चोवीसची माझ्या हातातून पडली. गवतावर पडली, पण तुम्ही तपासून घ्या."

इक्बालभाईंनी चोवीसची दिव्याखाली धरून फिरवून बघितली. "काही नाही झालं. प्लास्टिकची आहे, पोरासारखी पडते आणि उठते." मग त्यांनी तिच्याकडं बघितलं. "आणि हात काय म्हणतो वहिनी?"

शालन काउंटरच्या काचेकडं बघत राहिली. ओढणी डाव्या हातानं धरलेली होती. ती कधी खोटं बोलायची नाही. शाळेत कुणा पोरीला मार्क वाढवून दिले नाहीत, हेडमास्तरांच्या पोरीलाही नाही.

"झेपतोय," मी म्हणालो. "मी बघितलं."

इक्बालभाई म्हणाले, "मग प्रश्नच मिटला की," आणि पस्तीसच्या लेन्सचं खोकं शोधायला आत गेले.

शालन माझ्याकडं वळली. इक्बालभाई बाहेर येईपर्यंत ती माझ्याकडं तशीच बघत होती. मी पंख्याकडं बघत होतो.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "कधी बघितलंत?"

"मघाशी."

"किती?"

"सगळं."

"बाहीसुद्धा?"

"दात पडतील एखाद्या दिवशी."

ती हसली नाही. "मग तिथंच का नाही बोललात?"

"तू थांब म्हणालीस, म्हणून थांबलो."

"छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलंत माझं," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर तोंड करून तिनं डोळे पुसले. रंकाळ्यापर्यंत पुसत होती.

घरी आल्यावर तिनं बेडरूमचं दार लावलं नाही. पलंगावर बसली, हात उशीवर ठेवला आणि मला हाक मारली. मी दारात उभा.

"या ना. काय पाहुण्यासारखे? ही बाही काढा आधी. ओढू नका, गुंडाळत खाली आणा."

मी काढली. हात गरम होता.

"आता मनगटापासून वर. खांद्याकडं. खाली आणायचं नाही, फक्त वर. आणि दाबायचं नाही, नुसती कातडी सरकली पाहिजे. हे इंजिन नाही."

माझे हात आयुष्यभर ग्रीसमध्ये गेले. मला वाटलं होतं तिला टोचतील. ती डोळे मिटून बसली होती. पाच-दहा मिनिटांनी म्हणाली, "हं. असंच." मी करत राहिलो. कुकर लावायचा राहिला. नंतर तिनं कॅमेऱ्यावरचा फोटो दाखवला. त्यात दरी होती, पलीकडं एकामागं एक डोंगर होते आणि त्यांत कुठलाच लहान झाला नव्हता.

"हे रोज लागतं?" मी विचारलं.

"हात जास्त चालला की लागतं. एका हातानं नीट होत नाही."

"मग तिथं?"

तिनं कॅमेरा बंद केला. मी हात चोळत होतो. मग मीच म्हणालो, "पमाताईंना उद्या बोलाव."

स्पितीचे फोटो आमच्या बैठकीत लावलेले आहेत. लोक बघतात, विचारतात, ही कुठली जागा, हा कुठला डोंगर. मला सांगता येत नाही. मी तिथं नव्हतो.

पठारावरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पमाताई आल्या. शिट्टी गळ्यातच होती, ग्राउंडवरून आल्या होत्या. मी त्यांना पलंगाशेजारी स्टूल दिलं आणि बाही कशी गुंडाळत काढायची ते दाखवलं. मनगटापासून सुरुवात करायची, वर जायचं, खाली यायचं नाही, हेही सांगितलं. दोनदा स्वतः करून दाखवलं आणि बाजूला झालो.

पमाताईंनी बाह्या सरसावल्या आणि कबड्डीतल्या पोरीचा पाय धरावा तसा शालनचा हात धरला.

"आई गं! पमे, हळू," शालन ओरडली. मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हे करतात तसं."